प्रोबायोटिकने ऑटिझम कमी होतो का? आधी मुलाचं पोट तपासून घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान होऊन दीडेक वर्ष झालं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. शी तीन-चार दिवसांतून एकदा, कडक, रडून रडून होते, आणि मधल्या दिवसांत चड्डीला पातळ लागतं. आता एका सेंटरने सांगितलंय की सगळ्याचं मूळ पोटात आहे, सहा महिन्यांचं 'गट हीलिंग' म्हणजे आतडं बरं करायचं पॅकेज घ्या, त्यात रोजचे प्रोबायोटिकचे, म्हणजे 'चांगल्या' जिवंत जिवाणूंचे सॅशे, शीची मायक्रोबायोम टेस्ट म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी, आणि गहू-दूध पूर्ण बंद. पैसे बरेच आहेत, सासूबाई म्हणतात घरचं ताक द्या की, आणि तुम्हाला कळत नाहीये की प्रोबायोटिकने खरंच काही होतं का.

मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आहे, दिवसभर अशीच मुलं आणि असेच आईवडील समोर असतात, त्यामुळे आडवळण न घेता सांगते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलाला चांगली जुनी बद्धकोष्ठता दिसतेय, तिच्यावर आधी नीट उपचार करा. प्रोबायोटिकचा विचार त्यानंतर, तोही वाटलं तर. आणि ऑटिझम कमी होईल या आशेने पॅकेज अजिबात घेऊ नका. अर्थात मी मुलाला तपासलेलं नाही, पोटाला हात लावल्याशिवाय छातीठोकपणे कुणी बोलू नये, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणून वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ऑटिझम असलेल्या मुलांना पोटाच्या तक्रारी जास्त असतात का? हो, असतात. 2014 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून आकडा काढला तेव्हा पोटाच्या तक्रारी असण्याची शक्यता या मुलांत इतरांच्या साधारण चौपट निघाली. पण पोट बिघडल्याने ऑटिझम होतो का, आणि पोट सुधारलं की ऑटिझम जातो का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याला 'हो' म्हणण्यासारखा पुरावा नाही. पॅकेज विकणारे पहिल्या प्रश्नाचं उत्तर दाखवतात आणि दुसऱ्याचं औषध विकतात.

आता तुम्ही म्हणाल की या मुलांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात असं तर सगळीकडे छापून येतंय. येतंय, आणि काही अभ्यासांत तसं दिसलंही आहे. पण 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 247 मुलांचा एक अभ्यास आला, त्यातली 99 मुलं ऑटिझमची होती, आणि त्यांनी मुलं काय खातात हेही सोबत तपासलं. निघालं असं की ऑटिझमचा आणि जिवाणूंचा थेट संबंध अगदीच नावापुरता, खरा संबंध खाण्याशी. म्हणजे मूल ठरावीक चार-पाच पदार्थच खातं, त्यामुळे जिवाणूंची विविधता कमी होते आणि शीचं स्वरूप बदलतं. म्हणजे बाण उलटा फिरतो: ऑटिझममुळे खाणं मोजकं, आणि मोजक्या खाण्यामुळे पोट असं. हा एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नाही, पण ओपीडीत मी जे बघते त्याच्याशी तो अगदी जुळतो. फक्त दूध-बिस्किट, पांढरा भात आणि एका ठरावीक कंपनीचे वेफर्स खाणाऱ्या मुलाचं पोट आणखी कसं असणार?

मग ही प्रोबायोटिकची एवढी हवा आली कुठून? मुख्यतः उंदरांमधून. 2013 मध्ये अमेरिकेत कॅलटेकच्या लोकांनी ऑटिझमसारखं वागणाऱ्या उंदरांना बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाचा जिवाणू दिला आणि त्यांच्या वागण्यात काही बाबतीत फरक दिसला. 2016 मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजच्या गटाने लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी देऊन उंदरांचं एकमेकांत मिसळणं सुधारल्याचं दाखवलं, नंतर ते व्हेगस नर्व्ह (पोट आणि मेंदू जोडणारी नस) आणि ऑक्सिटोसिन या हार्मोनच्या मार्गाने होतं हेही दाखवलं. संशोधन म्हणून फार सुंदर काम आहे, मी स्वतः आवडीने वाचलंय. पण उंदीर शेजारच्या उंदराला किती वेळ हुंगतो यावरून तुमचा मुलगा वर्गात मित्राशी बोलेल का हे ठरत नाही.

माणसांवरच्या चाचण्या झाल्यात, पण लहान लहान. इटलीत पिसाला 85 लहान मुलांवर सहा महिने एका मिश्र प्रोबायोटिकची प्लासिबोशी, म्हणजे दिसायला तशाच पण औषध नसलेल्या डोसशी, तुलना झाली, 2020 मध्ये निकाल आला: ऑटिझमच्या तीव्रतेत दोन गटांत एकूण फरक नाही. काही उपगटांत थोडं बरं दिसलं, ज्यांना पोटाचा त्रास होता त्यांच्या पोटाला आराम पडला. मग 2024 मध्ये इटलीतूनच 43 मुलांची रॉयटेरीची ट्रायल आली, तिच्यात सामाजिक वागण्याच्या मोजमापात प्लासिबोपेक्षा सुधारणा दिसली, पण एकूण तीव्रता तीच, त्याच त्याच हालचाली करणं तेच, आणि गंमत म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या रचनेतही काही बदल नाही. याला मी 'आशादायक, मोठ्या ट्रायलची वाट बघूया' म्हणेन. यावर सहा महिन्यांचं पॅकेज विकायला निघणं म्हणजे पाया खणायच्या आधी फ्लॅटचं बुकिंग घेणं.

अजून एक बारीक गोष्ट, जी मेडिकलवालाही सांगत नाही. प्रोबायोटिकमध्ये जात वेगळी, प्रजाती वेगळी आणि त्यातला स्ट्रेन, म्हणजे एकाच प्रजातीतला उपप्रकार, वेगळा. उंदरांवरच्या कामातला रॉयटेरीचा स्ट्रेन एक, बाळांच्या पोटशूळावरच्या ड्रॉप्समध्ये असतो तो डीएसएम 17938 दुसरा. इटलीच्या त्या ट्रायलमध्ये दोन्ही मिळून दिले होते. म्हणून 'रॉयटेरीने फायदा होतो' असं वाचून कुठलेही ड्रॉप्स आणले तर तुम्ही ज्याबद्दल वाचलंय तेच मूल घेतंय असं नाही. एन्टरोजर्मिनाच्या त्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या आपल्याकडे घरोघरी असतात, त्यात बॅसिलस क्लॉसाय असतो, तो जुलाबात देतात, ऑटिझमशी त्याचा काही संबंध नाही. सेंटरच्या सॅशेवर नुसतं 'दहा प्रकारचे चांगले जिवाणू' असं लिहिलं असेल आणि स्ट्रेनचं नाव नसेल तर ते कशात तपासलं गेलं हेच कळणार नाही.

'पण माझ्या ओळखीच्या मुलाला फरक पडला' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि सांगणारी आई खोटं बोलत नसते. त्यासाठी सिक्रेटिनची गोष्ट माहीत असायला हवी. सिक्रेटिन हे आतड्यातलं एक हार्मोन. 1998 मध्ये अमेरिकेत तीन मुलांना स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी ते टोचलं आणि त्यानंतर त्यांची नजर मिळवणं, बोलणं सुधारलं असा रिपोर्ट छापून आला. टीव्हीवर झळकलं, आईवडील त्या इंजेक्शनच्या मागे लागले. 1999 मध्ये नीट ट्रायल झाली, 60 मुलं, अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना नुसतं सलाइनचं पाणी, कुणाला काय दिलं हे आईवडिलांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गटांत साधारण 30 टक्के मुलं सुधारली. हो, पाण्यानेही. कारण मुलं वाढत असतात, थेरपी चालू असते, चांगले-वाईट आठवडे येतात जातात, आणि आपण आशेने बघत असतो. सगळ्यात बोलका भाग पुढे आहे, निकाल समजल्यावरही 69 टक्के पालक म्हणाले की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजूनही रस आहे. मला त्या पालकांचा राग येत नाही, त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं. पण म्हणूनच प्लासिबो नसलेल्या कुठल्याही कहाणीवर पैसे लावू नका.

व्हॉट्सॲपवर फिरतं ते '90 टक्के सेरोटोनिन (मूडशी जोडलं जाणारं रसायन) पोटात बनतं' हे वाक्य खरं आहे, फक्त त्यापुढचं कुणी लिहीत नाही की ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. आणि सेंटरमध्ये कुणी लस आणि पोट आणि ऑटिझम अशी साखळी जोडून दाखवली तर सरळ उठून या. ती 1998 च्या 12 मुलांच्या पेपरवरून आलेली आहे आणि तो पेपर छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

आता तुमच्या मुलाच्या पोटाकडे येऊ, कारण खरा करण्यासारखा भाग इथे आहे.

तुम्ही लिहिलंय की तीन-चार दिवस शी नाही आणि मधे चड्डीला पातळ लागतं, आणि घरात सगळ्यांना वाटतंय की कधी बद्धकोष्ठता, कधी जुलाब, म्हणजे पोटच बिघडलंय. बहुतेक वेळा हे दोन्ही एकच असतं. कडक शी एकदा दुखली की मूल पुढच्या वेळी दाबून धरतं, धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, आणखी दुखते. काही महिन्यांत गुदाशय फुगून सैल पडतो, भरलंय ही जाणीवच होईनाशी होते, आणि वरून येणारी पातळ शी त्या खड्याच्या कडेकडेने झिरपून चड्डीला लागते. मुलाला ते कळतही नाही, त्यामुळे त्याला ओरडू नका. आणि याला जुलाब समजून कुणी जुलाबाचं औषध दिलं, किंवा फळं-भाज्या बंद केल्या, की खडा अजून पक्का होतो. कंपाउंडरने दिलेलं जुलाबाचं सिरप आणि सोबत प्रोबायोटिक घेऊन आलेली मुलं माझ्याकडे नियमित येतात, आणि पोटाला हात लावला की डावीकडे खाली गाठोळं लागतं.

बोलता न येणाऱ्या मुलात पोटदुखी कशी दिसते हेही सांगते. एक सात वर्षांची मुलगी येते माझ्याकडे, ती रोज संध्याकाळी सोफ्याच्या हातावर पोट दाबून आडवी पडायची आणि कुणी उठवायला गेलं की स्वतःचा हात चावायची. थेरपीच्या वहीत 'लक्ष वेधून घेण्यासाठी' अशी नोंद होती आणि त्यावर दुर्लक्ष करायचा प्लॅनही ठरला होता. पोट मोकळं झाल्यावर ते आडवं पडणं थांबलं, चावणं पुष्कळ कमी झालं, रात्रीची झोप लागायला लागली आणि टेबलावर बसून काम करायची वेळ वाढली. आईला वाटलं ऑटिझम कमी झाला. ऑटिझम तिथेच आहे, दुखणं गेलं. समजा त्याच महिन्यात तिला प्रोबायोटिक चालू केलेलं असतं, तर सगळं श्रेय त्या सॅशेला गेलं असतं आणि आज तुम्हाला कुणीतरी तिची गोष्ट पाठवली असती. 2010 मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून हेच लिहिलं होतं की या मुलांचं वागणं अचानक बदललं तर पोट तपासा, आणि इतर मुलांना जे उपचार देता तेच यांनाही द्या.

तर उपचार काय? आधी साचलेला खडा काढायचा. त्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, मेडिकलवाले पेग म्हणतात, काही दिवस जास्त मात्रेत, वजनानुसार डॉक्टर ठरवतील, स्वतः अंदाजाने देऊ नका. मग कमी मात्रेत पुढे काही महिने. इथेच सगळे चुकतात, शी रोज व्हायला लागली की पंधरा दिवसांत औषध बंद करतात, आणि ताणलेला गुदाशय मूळ आकारात यायला वेळ लागतो, त्यामुळे महिन्याभरात गाडी परत तिथेच. सवय लागेल म्हणून घाबरू नका, ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, शरीरात जवळजवळ शोषली जात नाही. चवीचा प्रश्न असतो हे मान्य, ही मुलं पाण्यात काही मिसळलं की लगेच ओळखतात, बिनचवीची मिळाली तर बघा, नाहीतर लॅक्ट्युलोजचं गोड सिरप काहींना चालतं.

सोबत बसण्याची सवय. जेवण झाल्यावर आतडं आपोआप हालचाल करतं, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवायचं, रोज त्याच वेळी. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या, पाय लोंबकळत असले की मुलाला जोर लावता येत नाही. फ्लशचा आवाज, ओली फरशी, फिनेलचा वास यातल्या कशाला मूल घाबरतं का ते बघा, कित्येकदा संडासात न जाण्याचं कारण तेवढंच असतं, आणि हे तुमच्या ओटीवाल्या मॅडमना सांगितलंत तर त्या चित्रांचा तक्ता करून देतील.

आणि दूध. तुम्ही लिहिलं नाहीये, पण किती पितो ते मोजा. बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पिणारी पाच-सहा वर्षांची मुलं मी भरपूर बघते, त्यांना भूक लागत नाही, लोह कमी होतं, शी कडक होते. अर्ध्या लिटरच्या आत आणा, हळूहळू. सगळे उपचार नीट करूनही बद्धकोष्ठता हटत नसेल तर दोन ते चार आठवडे गाईचं दूध बंद करून बघणं हा मान्य मार्ग आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीत आणि बद्धकोष्ठतेसाठी, ऑटिझमसाठी नाही.

गहू-दूध दोन्ही कायमचं बंद करण्याबद्दल माझं मत कडक आहे. जे मूल मुळात पाच पदार्थ खातं त्यातले तीन तुम्ही काढून घेतले तर उरतं काय? आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आहे हे खरं, मोठ्यांना भाकरीवर राहता येतं, पण पोळीचा मऊपणा सोडून खरबरीत भाकरी तोंडात घेणं या मुलांना किती अवघड जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाला काय दिलंय हे न सांगता केलेल्या छोट्या ट्रायल्समध्ये या आहाराने वागण्यात फरक दिसलेला नाही. तरीही करायचंच ठरवलंत तर गहू थांबवण्याआधी सीलिॲकची (गव्हाने आतड्याला इजा होण्याचा आजार) रक्ततपासणी करून घ्या, टीटीजी नावाची. गहू बंद केल्यावर ती केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते आणि मग सगळाच घोळ.

एवढं करून प्रोबायोटिक द्यायचंच असेल तर? मी कुणाला हात धरून अडवत नाही. निरोगी मुलाला सहसा अपाय होत नाही, थोडा गॅस, थोडं पोट फुगणं. पण मूल स्टेरॉइडवर असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, मोठ्या शिरेत कायम ठेवलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन असेल तर नाही म्हणजे नाही. देताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दोन आठवडे रोज लिहून ठेवा, शी कधी, कशी, झोप किती, चिडचिड किती, मग चालू करा, आठ आठवड्यांनी वही उघडा. काय दिसलं तर चालू ठेवायचं हे आधीच ठरवलेलं असू दे, आणि थेरपीवाल्यांना सांगू नका की काय चालू केलंय, त्यांचं मत जास्त खरं निघतं. फरक नसेल तर बंद, अपराधी वाटून घ्यायचं नाही.

सासूबाईंचं ताक जरूर द्या, पीत असेल तर. त्यात कुठले जिवाणू किती हे सांगता येत नाही म्हणून त्याला औषध म्हणता येणार नाही, पण पाणी आणि कॅल्शियम पोटात जातं हेच पुष्कळ. दुकानातल्या छोट्या बाटल्यांत साखर बऱ्यापैकी असते, त्यापेक्षा ताक बरं.

मायक्रोबायोम टेस्टवर पैसे घालू नका, रंगीत रिपोर्ट येतो पण त्यावरून उपचार ठरवता येतील असं 'नॉर्मल' अजून ठरलेलंच नाही. आणि दुसऱ्याच्या शीतले जिवाणू देण्याची गोष्ट कुणी काढली तर: अमेरिकेत ॲरिझोनात 18 मुलांवर ते केलं, 2017 मध्ये छापलं, बातम्या खूप झाल्या, पण त्यात तुलनेसाठी प्लासिबो गटच नव्हता. 2019 मध्ये अशाच उपचारात, दुसऱ्या आजारासाठी, दात्याच्या शीतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला. क्लोरिन डायऑक्साइडचे थेंब किंवा एनिमा म्हणजे तर सरळ ब्लीच, ते दिल्यावर जंत पडतात म्हणून जे दाखवतात, ते आतड्याचं सोललेलं अस्तर असू शकतं.

पॅकेजचे पैसे वाचले तर थेरपीचे तास वाढवा. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र बघितलंय का? आणि निरामय योजनेत (ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) नाव घातलं नसेल तर घाला, वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि त्यात थेरपीही येते.

डॉक्टरांकडे जाताना शीची वही न्या, फोटो असतील तर तेही, लाजू नका, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का ते आठवून ठेवा. शीत रक्त, वजन घटणं, हिरवी उलटी, पोट टम्म फुगणं, पायात कमजोरी, यातलं काही असेल तर ताबडतोब जा, वाट बघू नका. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. लोहाचं सिरप, चिडचिडीसाठी दिलेलं रिस्पेरिडोन, एवढंच काय ॲसिडिटीचं काही प्रकारचं पातळ औषधसुद्धा शी कडक करतं, आणि कधीकधी तेवढा एक बदल केला की निम्मं काम होतं.